कारागीर टिकवायचा तर हिस्सा लिहून द्या

सांगली-मिरज-कुपवाड असो की सातारा एमआयडीसी, पोरगा सीएनसी मशीन शिकतो अन् पुण्याला निघून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, कामगारांना तिथंच घरं दिली. आता मोठ्या कंपन्या 'ईसॉप' देतात, म्हणजे आज ठरलेल्या भावात पुढे कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. त्यासाठी किमान १ वर्ष थांबावं लागतं.

भागीदारीतल्या किंवा एकट्याच्या नावावरच्या वर्कशॉपला शेअर देता येत नाहीत. तिथं नफ्यातला टक्का कागदावर ठरवा. "ईदला बघू" यावर कोण थांबणार?

ईसॉप मिळालेल्या पोरांनीही हिशोब करावा. शेअर घेताना त्याची खरी किंमत आणि आपण भरलेली रक्कम, यातल्या फरकावर पगारासारखा कर लागतो. कंपनी शेअर बाजारात नसेल तर विकायला गिऱ्हाईक सहसा सापडत नाही. कर मात्र भरावाच लागतो.