झोप का उडते आणि का परतत नाही

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात झोप उडायला कारणांची कमतरता नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरची रात्रभराची वाहतूक, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखान्यांतली रात्रपाळी, गांधीनगरच्या बाजारपेठेतली अडकलेली उधारी. त्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पाणी चढत असताना डोळ्याला डोळा न लागणे हा आजार नव्हे. धोक्याच्या वेळी जागे ठेवणे हे मेंदूचे कामच आहे. बहुतेकांची झोप संकट सरल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ताळ्यावर येते. काहींची मात्र पूर ओसरला, देणे फिटले, तरी परतत नाही. तेव्हा घरचे विचारतात, ‘आता कसली काळजी?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. झोप उडवणारे कारण आणि ती परतू न देणारे कारण ही बहुधा दोन वेगळी कारणे असतात.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये हाच भेद मांडला. काहींचा पिंडच काळजीचा किंवा हलक्या झोपेचा असतो. त्यावर एखादा आघात येऊन निद्रानाश सुरू होतो. आणि पुढे माणूस झोप मिळवण्यासाठी जे करतो, त्यानेच तो टिकून राहतो. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा अधिक काळ हा त्रास झाला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तोवर बरेच काही बदललेले असते. काल झोप झाली नाही म्हणून माणूस नऊलाच अंथरूण धरतो, दुपारी तास-दीड तास पडतो, रात्री पुन्हापुन्हा घड्याळ बघतो. दिवसभर जागे राहून साठणारी झोपेची ओढ दुपारीच खर्च होते. अंथरूण ही विसाव्याची जागा न राहता परीक्षेची जागा होते. पाठ टेकताच छाती धडधडू लागते. मूळ काळजीची जागा आता ‘आज तरी झोप लागेल का?’ या धास्तीने घेतलेली असते. आणि झोप ही जोर लावून मिळणारी गोष्टच नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळे मनावर ढकलणे अन्यायाचे आहे. आक्षेपात तथ्य आहे. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचे शारीरिक घड्याळच विस्कटते. मोठ्याने घोरताना श्वास अडकणे, थायरॉइडचा दोष, लोहाच्या कमतरतेने पायांत होणारी तळमळ, यांचा शोध आधी घ्यायलाच हवा. पण मानसिक कारण म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. नकळत शिकलेली ती एक सवय असते, आणि शिकलेले पुसता येते. दुसरा आक्षेप असा की निद्रानाश हे नैराश्याचे नुसते लक्षण आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये झालेल्या विश्लेषणात वेगळे चित्र दिसले: नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या लोकांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणजे निद्रानाशाकडे स्वतंत्रपणे बघणे भाग आहे.

झोप परतू न देणारे कारण वेगळे असते, याचा सर्वांत बळकट पुरावा उपचारातून मिळतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचवली. तिचा बराचसा भर जुन्या आघातापेक्षा आजच्या सवयींवर असतो: रोज ठरलेल्या वेळी उठायचे, पेंग आल्यावरच आडवे व्हायचे, झोप येईना तर अंथरूण सोडायचे, आणि अंथरुणातला वेळ काही काळ कमी करायचा. गोळ्यांचा थोड्या दिवसांसाठी उपयोग होतो. मात्र काही गोळ्या एकदम सोडल्या की झोप आणखी बिघडते, आणि गोळीशिवाय जमणार नाही ही भीती पक्की होते. दोन खोल्यांत सहा माणसे झोपणाऱ्या घरात ‘उठून दुसरीकडे बसा’ हा सल्ला अवघड वाटेल, पण स्वयंपाकघरात मंद दिव्यात भिंतीला टेकून बसले तरी चालते. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत बोलता येते. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग मात्र मनाने सुरू करू नये. पहिल्या काही आठवड्यांत दिवसा झापड येते, आणि ट्रक चालवणाऱ्याला किंवा प्रेस मशिनवर हात घालणाऱ्याला ती झापड जिवावर बेतू शकते.