काळ्या समुद्राचा आजार

समुद्र सर्व काही पोटात घालतो, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. नद्यांनी वाहून आणलेला गाळ, शहरांचे सांडपाणी, जहाजांवरून टाकलेला केरकचरा, हे सारे एकदा त्याच्या उदरात गेले म्हणजे नाहीसे झाले, असे मानण्याची मनुष्याला सवय लागली आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे सात-दशांश भाग व्यापणाऱ्या जलराशीला आपल्या ओंजळभर घाणीने काय व्हावयाचे, हा युक्तिवाद वरवर पाहता खोटाही वाटत नाही. तो कोठे फसतो हे पाहावयाचे असल्यास महासागरापेक्षा एखादा लहान, बंदिस्त समुद्र अधिक उपयोगी पडतो. महासागरात जे सावकाश व विखुरलेल्या रीतीने घडते, ते अशा समुद्रात एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडून येते. काळा समुद्र हा असा समुद्र होय.

याचे क्षेत्रफळ सुमारे ४,३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ दीडपट आहे. अधिकात अधिक खोली सुमारे २,२०० मीटर आहे. डॅन्यूब, नीस्टर व नीपर या मोठ्या नद्या त्याला येऊन मिळतात. एकट्या डॅन्यूबच्या खोऱ्यात आज एकोणीस देशांचा कमीअधिक भूभाग मोडतो. इतके पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ती बॉस्पोरसची सामुद्रधुनी मात्र काही ठिकाणी अवघी सातशे मीटर रुंद आहे. या सामुद्रधुनीत एकावर एक असे दोन प्रवाह वाहतात. वरून काळ्या समुद्राचे हलके, कमी खारट पाणी बाहेर जाते आणि खालून भूमध्य समुद्राकडील जड, खारे पाणी आत येते. लुईजी मार्सिली या तरुण इटालियन गृहस्थाने कॉन्स्टँटिनोपल येथील मच्छीमारांकडून ही गोष्ट ऐकली, दोर सोडून ती पडताळून पाहिली आणि १६८१ मध्ये प्रसिद्ध केली. कोळ्यांचे बोलणे शास्त्रज्ञांनी कान देऊन ऐकावे, याचे हे एक जुने व चांगले उदाहरण आहे.

हलके पाणी वर व जड पाणी खाली अशी घडी एकदा बसली की दोहोंची मिसळण फारशी होत नाही. त्यामुळे हवेतील प्राणवायू काळ्या समुद्राच्या केवळ वरच्या थरापर्यंतच पोहोचतो. साधारणपणे दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही. तेथे सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू पाण्यात विरघळलेला आहे. या समुद्रातील सुमारे नऊ-दशांश पाणी असे आहे, आणि काही सूक्ष्म जंतू सोडल्यास त्यात जीवसृष्टी नाही. हा दोष मनुष्याने केलेला नव्हे. तो हजारो वर्षांचा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, मासे, शिंपले, शैवल, पाणपक्षी आणि किनाऱ्यावरील कोळी या सर्वांचा संसार वरच्या पातळ थरावर व वायव्येकडील उथळ भागावर अवलंबून राहिला.

या उथळ भागात तांबड्या शैवलाचे एक प्रचंड कुरण होते. सर्गेई झेर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये त्याचा शोध लावला. फायलोफोरा नावाच्या या शैवलाने तळाचा सुमारे १०,००० चौरस किलोमीटर भाग आच्छादला होता. ते प्रकाशसंश्लेषण करून तळाच्या पाण्याला प्राणवायू पुरवीत असे आणि असंख्य मासे व खेकडे त्याच्या आश्रयाने वाढत. १९६० नंतर मात्र हे कुरण आकसत गेले. त्याला कोणी उपटले नाही, की त्यावर विष टाकले नाही. ते उपासमारीने मेले. आणि ही उपासमार अन्नाच्या अतिरेकातून उद्भवली, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल.

त्याचे कारण असे. दुसऱ्या महायुद्धानंतर डॅन्यूबच्या व नीपरच्या खोऱ्यांत शेतीसाठी रासायनिक खतांचा वापर झपाट्याने वाढला. पिकांनी न घेतलेले नत्र व स्फुरद पावसाबरोबर नद्यांत उतरले. त्यात शहरांचे सांडपाणी, जनावरांच्या मोठमोठ्या गोठ्यांतील मलमूत्र आणि कपडे धुण्याच्या चूर्णांतील स्फुरद यांची भर पडली. जे खत गव्हाला मानवते, तेच समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनाही मानवते. वनस्पतिप्लवक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वनस्पतींची संख्या इतकी वाढली की, पाणी हिरवे-तपकिरी व गढूळ झाले आणि सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचेनासा झाला. अंधारात शैवलाला अन्न तयार करता येत नाही. वर वाढलेले प्लवक मरून तळाशी पडू लागले तेव्हा ते कुजविणाऱ्या जंतूंनी तेथला प्राणवायू वापरून टाकला. आणि तो भरून काढणारे कुरण तर नाहीसे होत चालले होते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके झाले म्हणजे तळाच्या पाण्यावर जणू झाकणच बसते. अशा वेळी तळावरील ज्या प्राण्यांना पळता येत नाही ते गुदमरून मरतात.

१९७३ मध्ये ही आपत्ती प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आली. पुढे ती दर उन्हाळ्यात येऊ लागली. १९७३ ते १९९० या काळात वायव्य भागात तळावरील सुमारे सहा कोटी टन प्राणी मेले असावेत, असा ओडेसा येथील युवेनाली झैत्सेव्ह यांचा अंदाज आहे. १९९० च्या सुमारास झेर्नोव्हच्या कुरणापैकी पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपासच भाग उरला होता. डॅन्यूबवर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या आयर्न गेट्स धरणामुळे सिलिका अडली आणि त्यामुळे डायाटम जातीच्या उपयुक्त प्लवकांना तोटा झाला, असेही काही शास्त्रज्ञ म्हणतात. पण सिलिका किती आणि कोठे अडली याविषयी पुढे मतभेद झाले, म्हणून हे कारण आपण दुय्यम मानू.

दरम्यान अन्नसाखळीच्या वरच्या टोकालाही मनुष्य आपले काम करीत होता. डॉल्फिनची शिकार इतकी झाली की, १९६६ मध्ये सोव्हिएत संघ, बल्गेरिया व रुमानिया यांना ती बंद करावी लागली. तुर्कस्तानने ती १९८३ मध्ये बंद केली. बोनिटो, मॅकरेल यांसारखे मोठे शिकारी मासेही विरळ झाले. मग जाळी वळली ती लहान माशांकडे, विशेषतः अँकोव्हीकडे. ही मासळी आपल्याकडील मांदेलीच्या कुळातील होय. तुर्की लोक तिला हम्सी म्हणतात; हिवाळ्यात तिचे थवे अनातोलियाच्या किनाऱ्याशी आले म्हणजे ट्रॅब्झोनकडील घराघरांत तीच शिजते.

अशा दुबळ्या झालेल्या समुद्रात १९८२ मध्ये एक अनोळखी पाहुणा आढळला. नेमिओप्सिस लीडी हे त्याचे नाव. तो जेलीसारखा पारदर्शक, साधारण तळहाताएवढा प्राणी असून त्याच्या अंगावर कंगव्याच्या दात्यांसारख्या केसलांच्या आठ रांगा असतात. त्याचे मूळ घर अमेरिकेचा अटलांटिक किनारा. तेथून तो जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर आला असावा, असे मानले जाते. त्याच्या एकाच शरीरात नर व मादी दोन्ही असल्यामुळे एकटा जीवही वंश वाढवू शकतो. तो दिवसाला हजारो अंडी घालतो. प्राणिप्लवक हे त्याचे खाद्य. माशांची अंडी व पिले तो त्याबरोबरच गिळतो. त्याला खाणारा येथे कोणी नव्हता. १९८९ च्या सुमारास कित्येक भागांत समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागाखाली या प्राण्याचे किलोपेक्षाही अधिक वजन भरू लागले.

त्याच वेळी हम्सी बुडाली. १९८८ मध्ये तुर्की कोळ्यांनी सुमारे २,९५,००० टन हम्सी पकडली होती. १९९० मध्ये ती ६६,००० टनांवर आली. दोष जेलीचा की जाळ्यांचा, हा वाद बराच काळ चालला. जेलीने पिलांचे अन्न व स्वतः पिलेही खाल्ली हे खरे. पण हम्सी व जेली यांचे खाद्य एकच आहे. जाळ्यांनी हम्सी उपसली नसती, तर एवढे अन्न जेलीच्या वाट्याला आलेच नसते. खताने वाढविलेले प्लवक, शिकारी माशांचा अभाव, अतिमासेमारी आणि परकी जीव यांपैकी कोणतेही एक कारण वेगळे काढून त्यावर सारा आरोप ठेवणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

पुढे जे घडले ते कोणी योजून केले नव्हते. १९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, शेतकऱ्यांना खते परवडेनात आणि नद्यांतून येणारे नत्र-स्फुरद कमी झाले. काही वर्षांतच वायव्य भागातील तळाच्या पाण्यात पुन्हा प्राणवायू दिसू लागला. हजारो शेतकऱ्यांच्या विपन्नावस्थेची किंमत देऊन मिळालेले हे आरोग्य होते, हे विसरून चालणार नाही. १९९२ मध्ये किनाऱ्यावरील सहा देशांनी बुखारेस्ट येथे समुद्ररक्षणाचा करार केला. १९९७ मध्ये तर आणखी एक परकी जीव आला. त्याचे नाव बेरोए ओव्हाटा. आणि त्याचे अन्न म्हणजे जवळजवळ केवळ नेमिओप्सिसच! त्याच्या आगमनानंतर जेलीचा जोर ओसरला. तांबडे शैवल मात्र पूर्वीच्या विस्ताराला परत आलेले नाही. उरलेल्या कुरणाला युक्रेनने २००८ मध्ये संरक्षण दिले. पण ६ जून २०२३ रोजी युद्धात नीपरवरील काखोव्का धरण फुटले आणि गाळ, खते व घाण यांसह गोड्या पाण्याचा मोठा लोंढा याच उथळ भागात शिरला.

नेमिओप्सिसचा प्रवासही काळ्या समुद्रात थांबला नाही. १९५२ मध्ये खुल्या झालेल्या व्होल्गा-डॉन कालव्याने जाणाऱ्या जहाजांबरोबर तो कॅस्पियन समुद्रात पोहोचला असावा. तेथे १९९९ मध्ये तो सापडला आणि थोड्याच वर्षांत किल्का नावाच्या लहान माशाची मासेमारी कोसळली. रिकामे जहाज लाटांवर डळमळू नये म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातील पाणी भरतात व माल चढविताना ते दुसऱ्या बंदरात सोडून देतात. या पाण्यातून जीवांची अशी ने-आण होते. हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मध्य अमेरिकेकडील एक लहान शिंपला विशाखापट्टणम व मुंबई या बंदरांत केव्हाच वस्तीला आला आहे; आणि २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या पाण्याच्या अभ्यासासाठी जगातील सहा बंदरे निवडली, त्यांत ओडेसाबरोबर मुंबईही होती. या अभ्यासाच्या काळातच, २००४ मध्ये, जो करार संमत झाला तो ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आहे. त्यातील मानकाप्रमाणे जहाजाने सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे असे दहापेक्षा कमीच जिवंत जीव असावे लागतात. त्यासाठी पाणी प्रथम बारीक जाळीतून गाळतात आणि नंतर जंबुपार किरणांनी किंवा क्लोरीनने निर्जंतुक करून मगच बंदरात सोडतात.