वैर आणि दावा

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कटुतेसाठी मराठीत 'वैर' आणि 'दावा' हे दोन शब्द विशेषेकरून योजले जातात. पहिला संस्कृतातून आला, दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने. कुळे भिन्न असली तरी दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि ती द्वेषाची नसून येण्या-देण्याची आहे.

'वैर' हा शब्द 'वीर' पासून सिद्ध झाला. वैदिक भाषेत वीर म्हणजे केवळ योद्धा नव्हे. घरचा कर्ता पुरुष, पुत्र, असाही त्याचा अर्थ होता. ऋग्वेदात 'वैरदेय' असा शब्द येतो. मारल्या गेलेल्या माणसाबद्दल द्यावयाची भरपाई, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. आपस्तंब धर्मसूत्रात तर आकडेच दिले आहेत : क्षत्रियाच्या वधाबद्दल १,००० गाई, वैश्याबद्दल १००, शूद्राबद्दल १०. माणसाचे मोल जातीवर ठरविणारी ही विषमता आज कोणालाही मान्य होणार नाही. तथापि या दानाचा हेतू तेथे 'वैरयातन', म्हणजे वैराची फेड, असा सांगितला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वैर फिटू शकते, असे त्या काळी गृहीत होते.

'दावा' म्हणजे मुळात हक्काची मागणी. न्यायालयात आजही दावाच दाखल होतो. मात्र मराठीने त्याच शब्दाला शत्रुत्वाचा अर्थ दिला. 'उभा दावा मांडणे', 'दावा साधणे' हे वाक्प्रचार त्यातूनच आले आणि जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे वैरीही होता. (गोठ्यातील 'दावे' वेगळे, ते संस्कृत 'दामन्' पासून आले.) बांधाच्या वादात गावाने जे पाहिले, तेच भाषेने नोंदविले, असे म्हणावयास हरकत नाही. मागणी वर्षानुवर्षे अनिर्णित राहिली की कागदावरचा दावा मनात उतरतो. मग निकाल लागला तरी दोन घरांतील जाणे-येणे सुरू होत नाही.

राज्य शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'सलोखा' योजनेचा रोख नेमका या टप्प्यावर होता. एकाच्या नावावरील शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, अशी स्थिती किमान १२ वर्षे असल्यास उभयतांच्या संमतीने अदलाबदल दस्त करण्याची सोय तीत ठेवण्यात आली. त्यासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये व नोंदणी शुल्क १,००० रुपये इतकेच आकारावयाचे ठरले.