एकर-गुंठ्यांची बेरीज व दशांश चिन्ह

बेळगाव भागात जमिनीचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगितले जाते. १ एकर २५ गुंठे हे क्षेत्र पुष्कळदा १.२५ असे लिहितात. या टिंबास दशांश चिन्ह समजल्यास हिशेब चुकतो. कारण एकराचे गुंठे ४० असतात, १०० नव्हेत.

समजा, १ एकर २५ गुंठे व २ एकर ३० गुंठे यांची बेरीज करावयाची आहे.

(१) प्रथम गुंठे मिळवावेत : २५ + ३० = ५५.
(२) त्यांतील ४० गुंठ्यांचा १ एकर हातचा धरावा; बाकी १५ गुंठे.
(३) नंतर एकर मिळवावेत : १ + २ + १ = ४.

उत्तर : ४ एकर १५ गुंठे.

पडताळ्यासाठी गुंठ्यांचे अपूर्णांक करावेत. २५/४० म्हणजे ५/८ अथवा ०.६२५, ३०/४० म्हणजे ३/४ अथवा ०.७५०. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडून १.६२५ + २.७५० = ४.३७५ एकर. यातील ०.३७५ ला ४० ने गुणता १५ गुंठेच येतात.

याउलट १.२५ व २.३० मिळवून आलेल्या ३.५५ ने एकरी दरास गुणल्यास विकणाऱ्याचे ३३ गुंठ्यांचे मोल बुडते. हेक्टर-आर नोंदीत मात्र १०० आरांचा १ हेक्टर होत असल्याने दशांश बेरीज थेट करता येते.

खरेदीखतावर अथवा वाटणीपत्रावर सही करण्यापूर्वी हा पडताळा अवश्य घ्यावा.