‘बीटी’ या संज्ञेचा अर्थबोध : कृषि-अधिकाऱ्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणातील एक प्रश्न

कृषि-अधिकाऱ्यांना वनस्पतींच्या जनुकीय अभियांत्रिकीचे प्राथमिक प्रशिक्षण देताना प्रयोगशाळेतील कृतींचा परिचय आवश्यक असतो. परंतु संज्ञांचा नेमका अर्थबोध हे त्याहून आधीचे कार्य होय. अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबूनच पुष्कळदा शेतकरी बियाण्याची निवड करतो. ‘बीटी’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण आहे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाची ही आद्याक्षरे होत. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून एर्न्स्ट बर्लिनर यांनी १९१५ मध्ये हे नाव योजिले. अर्थात ‘बीटी’ हा शब्द केवळ जनुकाचे मूळ सांगतो. उत्पन्नाची हमी देत नाही.

संकरात दोन वाणांच्या जनुकसंचांचा संयोग परागीकरणाने घडतो. जनुकांतरात निवडक जनुक, पुष्कळदा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या द्वारा, वनस्पतीच्या पेशीत प्रविष्ट केले जाते. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेली बीटी कपाशी मुख्यत्वे संकरित वाणांतूनच प्रसृत झाल्याने या दोन कल्पनांची सरमिसळ झाली. वस्तुतः उत्पादनक्षमता मूळ संकराची, तर बोंडअळीपासूनचे संरक्षण प्रविष्ट जनुकाचे. त्या जनुकापासून निर्माण होणारे प्रथिन अळीच्या आतड्यात विषवत् ठरते. मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींना ते आवरत नाही. म्हणून ‘बीटी म्हणजे कीडमुक्त’ हे समीकरण चुकीचे होय.

या चुकीचा परिणाम आश्रय-पिकाच्या बाबतीत विशेष जाणवतो. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशी लावल्यास तेथे साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग झाला, म्हणजे प्रतिकारक्षमतेचा प्रसार मंदावतो. हे कारण न कळल्यास बिगर-बीटी बियाणे निरुपयोगी म्हणून टाकून दिले जाते. २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी आली. तथापि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पिकाची मोठी हानी केली. आश्रय-पिकाची उपेक्षा हे अळीत प्रतिकारक्षमता वाढण्याच्या कारणांपैकी एक मानले जाते.

यास्तव प्रशिक्षणाच्या अखेरीस केवळ व्याख्या विचारणे पुरेसे नाही. बिगर-बीटी बियाणे का पेरावे, हे प्रशिक्षणार्थीस शेतकऱ्याच्या बोलीत समजावून सांगता येते काय, हीच त्याच्या आकलनाची खरी कसोटी होय.