बांध तोच, वर्ग वरचा

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या वॉशिटा नदीच्या 1934च्या एप्रिलमधल्या पुरात हॅमन गावाजवळ 17 माणसं गेली. पूर अडवायचा तर मोठ्या नदीवर मोठं धरण, हा त्या काळचा रूढ विचार. मृदसंधारण खात्यातली माणसं मात्र म्हणत होती, पाऊस पडतो तिथंच, वरच्या ओढ्यांवर, तो अडवा. 1944च्या पूरनियंत्रण कायद्यानं त्यांना 11 पाणलोट क्षेत्रं दिली, वॉशिटा त्यांतलंच एक. 1948च्या जुलैत कॉर्डेलजवळ क्लाउड क्रीकवर या मालिकेतला पहिला बांध पूर्ण झाला. 1954च्या कायद्यानं हे लोण देशभर पसरलं. आज असे 11 हजारांवर बांध आहेत, त्यांतले 2 हजारांवर एकट्या ओक्लाहोमात.

रचना साधी. शेतकऱ्यानं दिलेल्या जागेवर मातीचा दाबून घातलेला भराव. पुराचं पाणी त्यामागं तुंबतं आणि भरावाखालच्या नळातून काही दिवसांत सावकाश ओसरतं. नळाला झेपेनासं झालं की बाजूनं कापलेला गवताळ सांडवा वाहू लागतो. दार नाही, चौकीदार नाही. गाळाला 50 वर्षं पुरेल एवढी जागा धरलेली. बहुतेक बांधांखाली तेव्हा नुसती शेतं होती. फुटला तर पीक जाईल, कुंपण जाईल, म्हणून वर्ग ‘कमी धोका’. आणि सांडव्याची रुंदी, भरावाची उंची त्या वर्गाच्या हिशेबानं.

कमी, लक्षणीय आणि उच्च असे हे तीन वर्ग. ‘उच्च’ ऐकलं की भेगा आणि गळती डोळ्यांपुढं येतात; पण वर्ग भरावाची तब्येत सांगतच नाही. बांध फुटला तर खाली काय जाईल, एवढंच तो पाहतो. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर कालच बांधलेलं ठणठणीत धरणही ‘उच्च’.

या वर्गवारीला वजन आलं ते दुर्घटनांनी. 6 नोव्हेंबर 1977च्या पहाटे जॉर्जियात टोकोआजवळ केली बार्न्स हे जुनं मातीचं धरण फुटलं आणि खालच्या बायबल कॉलेजच्या आवारात 39 जण मेले. हे पूरनियंत्रणाचं धरण नव्हतं, पण छोटं होतं. राष्ट्राध्यक्ष कार्टर जॉर्जियाचेच; त्यांनी उच्च धोक्याच्या बिगरसंघीय धरणांची तपासणी लावली. पाहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

इकडे ओढ्यांवरच्या बांधांची गोष्ट वेगळंच वळण घेत होती. बांधानं पूर थोपवला, म्हणून खालची जमीन कोरडी राहिली. कोरडी राहिली म्हणून तिथं घरं आली, शहरं वाढली. बांध आपल्या यशानंच धोकादायक ठरला, असं म्हटलं तर चूक नाही. भरावाचं ढेकूळही हललेलं नसताना वर्ग ‘कमी’वरून ‘उच्च’वर गेला, आणि त्याबरोबर सांडव्यानं पेलायचा पूरही कितीतरी मोठा धरावा लागला. तोवर आयुर्मानाची 50 वर्षंही भरत आली होती, लोखंडी नळ गंजले होते. 2000मध्ये दुरुस्तीचा कायदा आला. खर्चाचा 65 टक्के वाटा केंद्राचा, बाकीचा स्थानिक संस्थेनं उभा करायचा. ओक्लाहोमातल्या सार्जंट मेजर क्रीकवरचा एक बांध सुरुवातीलाच दुरुस्त झाला. बाकीची रांग लांबच राहिली.

आपल्याकडे 2021चा धरण सुरक्षा कायदा आधी उंची विचारतो: 15 मीटरच्या वरची धरणं सरसकट त्यात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर, त्याखालची बाहेर. खाली वाडी आहे की माळ, हा प्रश्न त्या चाळणीत येत नाही. 2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरेचं मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली, त्यानंतरचा हा कायदा आहे हे जरा नवलच.

अमेरिकेतही ‘खाली काय’ हे विचारणारा आणि ते ठरवणारा एक नाही. बांध सांभाळते स्थानिक मृदसंधारण मंडळ. खाली घर बांधायची परवानगी देणं-नाकारणं त्याच्या हातात नाही, नवं घर आलं की वाढलेल्या सांडव्याच्या खर्चातला वाटा मात्र त्याच्याच माथी.