इटलीत धारातीर्थी पडलेले माणगावचे यशवंत घाडगे : समाधी नाही, मग नाव कुठे? आपल्या घरातल्या जवानाचं नाव कसं शोधायचं?

माणगाव : तालुक्याचे सुपुत्र, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आलं. वय अवघं २२ वर्षं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण समाधी कुठे आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : ती कुठेच नाही.

त्या दिवशी काय घडलं?

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढाई सुरू होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. गोळ्या भरायलाही वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. तेवढ्यात लपलेल्या शत्रूची गोळी त्यांना लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

मग नाव कुठे आहे?

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान मृत्युमुखी पडले. दफन झालेल्यांच्या कबरी तिथल्या युद्ध-दफनभूमींत आहेत. ज्यांना अग्नी दिला, त्यांची नावं फोर्लीसारख्या ठिकाणच्या स्मारकांवर कोरली आहेत. आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, अशा राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून अधिक जवानांची नावं कॅसिनो स्मारकावर आहेत. त्यातच घाडगेंचं नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारकही उभं राहिलं.

बाकीच्यांचं काय?

घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांचं नाव टिकलं. बाकीच्या कितीतरी जणांच्या वाट्याला घरातली एक तसबीर आली, नाहीतर तीही नाही. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. त्यांवर गावातून किती जण गेले आणि किती मेले, एवढाच आकडा असतो. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण कामी आले, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण ते ४६ कोण, हे पाटी सांगत नाही.

घरच्यांनी शोध कसा घ्यावा?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृत जवानांच्या नोंदी फुकट पाहता येतात. बऱ्याच नोंदींत वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नावही मिळतं. शोधताना एवढं लक्षात ठेवा :

• नावं इंग्रजीत, साहेबाने जशी ऐकली तशी लिहिलेली आहेत. घाडगे, जाधव, शिंदे ही आडनावं दोन-चार स्पेलिंगने टाकून बघा. काही नोंदींत आडनावाचा पत्ताच नसतो.

• जिल्हा जुन्या नावाने शोधा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता आणि आजच्या सांगलीचा बराच भाग साताऱ्यात होता.

• घरात जुनं पदक असेल तर त्याची कड बारकाईने बघा. तिथे अनेकदा शिपाई नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

• पेन्शनचे कागद, जुनी पत्रं मोडीत किंवा इंग्रजीत असली तरी टाकू नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव आणि भिंतीवरच्या फलकाचा क्रमांकही कळतो. गावच्या पाटीवर नुसता आकडा असेल, तर त्याशेजारी सापडलेली नावं लावायला ग्रामपंचायतीला फार खर्च येणार नाही. मात्र आजी-आजोबांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. त्या जवानांना पाहिलेली माणसं आता गावात मोजकीच उरली आहेत.